आधी एकत्र काय बुडेल ते ठरवा, मग डिस्क मोजा

साठवणुकीचा क्लस्टर उभा करायचा ठरला की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो किती टेराबाइट लागतील याचा. मग कोटेशन मागवलं जातं. विक्रेता दर टेराबाइटमागचा भाव खाली आणायला साठ-साठ डिस्क मावणारे अवजड सर्व्हर सुचवतो. ते पसंत पडतात, सामान येतं, रॅकवर चढतं आणि मग कोणीतरी विचारतं, यातला एक सर्व्हर बसला तर त्यातल्या डेटाची नवी प्रत जाणार कुठे? माझं सांगणं असं की हा प्रश्न कोटेशन मागवण्याच्या आधी विचारा. कुठल्या गोष्टी एकाच वेळी, एकाच कारणाने बंद पडतील याची यादी आधी करा. डिस्क किती, केवढ्या आणि कुठल्या सर्व्हरमध्ये, हे सगळं त्या यादीतून निघतं.

हे मी न्यूझीलंड डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. भूकंप, मधली सामुद्रधुनी, शहरांमधली अंतरं यामुळे इथे ही यादी कागदी राहत नाही. पण पुण्यात किंवा नाशिकमध्ये चार सर्व्हरवर संस्थेचा डेटा सांभाळणाऱ्यालाही हाच हिशोब करावा लागतो. परदेशी क्लाउड हाताशी असताना स्वतःच्या डिस्क कशाला, असं कोणी विचारलं तर कायटायाच्या टे हिकू मीडियाकडे पाहावं. उत्तर टोकाच्या त्या छोट्या गावातल्या माओरी संस्थेने आपल्या भाषकांच्या आवाजाचा संग्रह बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली करायला नकार दिला आणि त्यावर स्वतःच भाषा ओळखणारी प्रणाली बांधली. आपला डेटा आपल्या भूमीवर हवा असं म्हणणाऱ्याला डिस्कची आखणीही स्वतःच करावी लागते.

हिशोबासाठी मी सेफ हे मुक्त सॉफ्टवेअर धरतो. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत पीएचडीच्या कामातून ते उभं केलं आणि २००६ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. त्यात साधारणपणे दर डिस्कमागे एक स्वतंत्र प्रोसेस चालते, तिला ओएसडी म्हणतात. कुठला डेटा कुठल्या ओएसडीवर हे मोठ्या यादीत शोधत बसावं लागत नाही, क्रश नावाचं गणित ते काढून देतं. क्रशला तुम्ही एक उतरंड सांगता. डिस्क सर्व्हरमध्ये, सर्व्हर रॅकमध्ये, रॅक खोलीत, खोली इमारतीत. मग नियम देता की तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर ठेव, किंवा तीन वेगळ्या रॅकमध्ये ठेव. तुम्ही सांगाल त्यावर क्रश पूर्ण विश्वास ठेवतो. तीन रॅक लिहिले आणि ते तिन्ही एकाच यूपीएसवर असले तर ते त्याला कधीच कळणार नाही. ते तुम्हालाच माहीत असायला हवं.

बिघाडाच्या हद्दी

म्हणून पहिलं काम कागदावरचं. प्रत्येक सर्व्हरपुढे लिहा: कुठला रॅक, कुठली पॉवर पट्टी, कुठला यूपीएस, कुठला स्विच, कुठली खोली. ज्यांच्यापुढे एकच नाव येतं ते सगळे एका हद्दीतले, ते एकत्र बंद पडणार. डेटा सेंटरवाल्यांना थेट विचारा की विजेचे ‘ए’ आणि ‘बी’ फीड मागे कुठे एकत्र येतात. कुठेतरी येतातच. ती जागा माहीत असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

कागदावरची जास्तीची सोय प्रत्यक्षात कशी कोसळते याचं ऑकलंडइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. १९९८ साली शहराच्या मध्यवर्ती भागाला चार मुख्य केबलनी वीज येत होती. २२ जानेवारीला एक गेली. ९ फेब्रुवारीला दुसरी. ऐन उन्हाळ्याचे दिवस, सगळा भार उरलेल्या दोघींवर. १९ आणि २० फेब्रुवारीला त्याही गेल्या आणि शहराचा व्यापारी भाग जवळपास पाच आठवडे अंधारात राहिला. चार केबल होत्या, पण त्या एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. एक गेली की तिचा भार दुसरीवर, त्याने दुसरी लवकर जाते, मग तिसरी. डिस्कच्या बाबतीतही हेच घडतं, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या पोचण्याची. २२ फेब्रुवारी २०११ च्या ख्राइस्टचर्च भूकंपात १८५ माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग गराडा घालून बंद केला गेला. गराडा हळूहळू आक्रसत गेला, पण पूर्ण उठायला २०१३ चा जून संपला. १४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्रीनंतर लगेच काइकोउराचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचं केंद्र दक्षिण बेटावर होतं, तरी वेलिंग्टनच्या बंदरालगतच्या स्टॅटिस्टिक्स हाउसमध्ये मजल्यांचे भाग खाली आले. रात्रीची वेळ म्हणून आत कोणी नव्हतं. इमारत नंतर पाडावी लागली. अशा प्रसंगी सर्व्हर कदाचित शाबूत असतो, डिस्क फिरत असते, दिवे लुकलुकत असतात, पण तुम्हाला दारातून आत सोडत नाहीत. गेलेली डिस्क काढून नवी लावायला माणूस जाऊ शकणार नसेल, तर क्लस्टरमध्ये आधीच लावून ठेवलेली मोकळी जागा हीच तुमची बदली डिस्क. पुढचा सगळा हिशोब या वाक्यावर उभा आहे.

अंतराचा प्रश्न

मग प्रती दूरदूरच्या शहरांत का ठेवू नयेत? ठेवाव्यात, पण सगळ्याच डेटाच्या नाही. वेलिंग्टनच्या कॅटॅलिस्ट क्लाउडची रचना इथे पाहण्यासारखी आहे. त्यांचे तीन विभाग आहेत, पोरिरुआ, वेलिंग्टन आणि हॅमिल्टन. ऑब्जेक्ट साठवणीत, म्हणजे फाइल पूर्ण लिहायची आणि पूर्ण वाचायची अशा प्रकारात, नेहमीचं धोरण तिन्ही विभागांत प्रती ठेवण्याचं. हवं तर एकाच विभागात तीन प्रती असंही धोरण निवडता येतं. आभासी मशिनच्या डिस्क, म्हणजे ब्लॉक साठवण, मात्र त्या-त्या विभागातच राहते.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला २०० किलोमीटर जायला १ मिलिसेकंद लागतो. वेलिंग्टन ते हॅमिल्टन रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद तर प्रकाशालाच हवेत, मधली यंत्रं वेगळी. सेफमध्ये लिहिणं पूर्ण झालं असं तेव्हाच सांगितलं जातं, जेव्हा सगळ्या प्रती लिहून होतात. चांगला एनव्हीएमई एसएसडी जे काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात करतो, त्याला दर वेळी हॅमिल्टनच्या उत्तराची वाट पाहावी लागली तर डेटाबेस रखडत चालेल. छायाचित्रं, दस्तऐवज, बॅकअप यांना ही वाट पाहणं जाणवतही नाही.

पोरिरुआ वेलिंग्टनपासून वीसेक किलोमीटरवर. तिथे वेळेचा प्रश्न नाही, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लिहिता येतं. आग, पूर, वीज, खोदकामात तुटलेली केबल यांच्यासाठी त्या दोन खरोखर वेगळ्या जागा आहेत. मोठ्या भूकंपासाठी नाहीत. वेलिंग्टनमधून वेलिंग्टन भ्रंश जातो, पोरिरुआतून ओहारिउ भ्रंश जातो आणि सगळा पट्टा एकत्रच हादरतो. दक्षिण बेटावर बसलेल्यांनी अल्पाइन भ्रंश धरावा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढच्या ५० वर्षांत तिथे मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के आहे. तेव्हा ‘दोन ठिकाणी ठेवलं आहे’ असं कोणी म्हटलं की विचारावं, कशापासून दोन ठिकाणी?

दोन जागांवर एकच क्लस्टर ताणायचा असेल तर मॉनिटरचं बहुमत विसरू नका. क्लस्टरचा नकाशा सांभाळणारे मॉनिटर तीन किंवा पाच असतात आणि निम्म्याहून अधिक जिवंत असले तरच काम चालतं. वेलिंग्टनमध्ये दोन आणि पोरिरुआत एक ठेवला आणि वेलिंग्टन गेलं, तर पोरिरुआतला डेटा सहीसलामत असूनही क्लस्टर थांबतो. तिसरा मॉनिटर तिसऱ्या जागी हवा. त्याच्याकडे डेटा नसतो, तो फक्त मत देतो, म्हणून त्याला लांब ठेवलं तरी चालतं. सेफमध्ये २०२१ पासून याच कामासाठी ‘स्ट्रेच मोड’ आहे. त्यात दोन जागी दोन-दोन अशा चार प्रती राहतात. चार प्रतींचा खर्च पेलणार असेल तरच त्या वाटेला जा. लहान संस्थांना मी वेगळी वाट सुचवेन. एका जागी एक पूर्ण क्लस्टर, लांबच्या शहरात दुसरा स्वतंत्र क्लस्टर, आणि मध्ये थोड्या उशिराने चालणारी नक्कल. पंधरा मिनिटांचा डेटा गमावायची तयारी असेल तर रचना किती तरी सोपी होते, आणि सोपी रचना रात्री तीन वाजता दुरुस्त करता येते.

मोकळ्या जागेचा हिशोब

आता आकडे. चार सर्व्हर, प्रत्येकात १६ टेराबाइटच्या आठ डिस्क. एकूण ३२ डिस्क, ५१२ टेराबाइट. व्यवस्थापनाला हाच आकडा दिसतो. तीन प्रती ठेवल्या की उरले १७०. एक सर्व्हर पूर्ण गेला तर त्याचा डेटा उरलेल्या तिघांत मावला पाहिजे, म्हणून चौथा हिस्सा मोकळा ठेवायचा, उरले १२८. सेफ ८५ टक्क्यांना भरत आल्याचा इशारा देतो आणि त्याच्यापुढे जाण्यात अर्थ नाही, म्हणून १२८ चे ८५ टक्के, साधारण १०९. पाटीवर ५१२, हातात १०९. हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा. खरेदीनंतर सांगितला तर फसवल्यासारखं वाटतं.

आता त्याच ३२ डिस्क आठ सर्व्हरमध्ये चार-चार अशा वाटा. प्रतींनंतर तेच १७०. पण आता एक सर्व्हर म्हणजे आठवा हिस्सा, तेवढीच जागा मोकळी ठेवायची. १४९ चे ८५ टक्के, म्हणजे १२७. एकही डिस्क न वाढवता १८ टेराबाइट मिळाले. सर्व्हरची किंमत, वीज, रॅकमधली जागा वाढली हे खरं, आणि तो सौदा दर वेळी परवडेल असंही नाही. पण कोटेशनमधला दर टेराबाइटमागचा भाव हा ५१२ ने भागलेला असतो. तो १०९ ने आणि १२७ ने भागून पाहा, मग तुलना करा. साठ डिस्कच्या सर्व्हरचा स्वस्तपणा इथे उघडा पडतो. १६ टेराबाइटच्या साठ डिस्क म्हणजे ९६० टेराबाइट एका पॉवर बटणामागे. असे चार सर्व्हर घेऊन एक बसला, तर शेकडो टेराबाइटची हलवाहलव सुरू होते आणि ती काही दिवस चालते. असे दहा-बारा घेणार असाल तर खुशाल घ्या.

तीन सर्व्हरच्या क्लस्टरविषयी स्पष्टच सांगतो: तीन प्रतींसाठी तीन सर्व्हर पुरतात, पण सावरायला चौथा लागतो. तिघांतला एक बसला तर तिसरी प्रत ठेवायला वेगळा सर्व्हरच उरत नाही. मोकळी जागा कितीही असो, ती कामाची नाही. काम चालू राहतं, कारण दोन प्रती असेपर्यंत सेफ लिहू देतो. पण त्या अवस्थेत आणखी एक डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा एकाच प्रतीवर येतो आणि तेवढ्या भागाचं वाचणं-लिहिणं थांबतं.

आणि याच तीन सर्व्हरांत ऑकलंडच्या केबलची गत कशी होते ती पाहा. प्रत्येकात चार डिस्क, सगळ्या ७० टक्के भरलेल्या. आरामात आहोत असं वाटतं. एक डिस्क गेली. तिचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकत नाही, कारण तिथे त्याची प्रत आधीच आहे. तो त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर जायचा. ७० चे चार भाग तिघांत वाटले की प्रत्येकी ९३ टक्के होतात. सेफ ९० टक्क्यांना नवा भरणा थांबवतो, म्हणजे सावरणं अर्ध्यात अडकतं. वर नेहमीचा डेटा येतच असतो. ९५ टक्क्यांना एक जरी डिस्क पोचली तरी लिहिणं बंद. आरामात वाटणाऱ्या या क्लस्टरला एका डिस्कने खाली आणलं. प्रत्यक्षात तर सगळ्या डिस्क सारख्या भरतही नाहीत. सरासरी ७० असली तरी एखादी ७६ वर असते. म्हणून रोजच्या निरीक्षणात सरासरी पाहू नका, सर्वांत भरलेली डिस्क पाहा, आणि सेफचा बॅलन्सर चालू ठेवा.

जागा वाचवायला प्रतींऐवजी इरेझर कोडिंग वापरता येतं. चार तुकडे डेटाचे, दोन गणिती तुकडे, कुठलेही दोन गेले तरी डेटा परत मिळतो आणि खर्च तिपटीऐवजी दीडपट. पण त्याला सहा सर्व्हर लागतात आणि वरच्याच न्यायाने सावरायला सातवा. बॅकअप, चित्रफिती, जुने दस्तऐवज यांना ते उत्तम. आभासी मशिनच्या छोट्या-छोट्या लिहिण्याला ते जड जातं.

एका सर्व्हरच्या आत

आठ डिस्कच्या त्या सर्व्हरच्या आत काय कुठे बसवायचं ते आता सविस्तर पाहू. बहुतेक खर्च इथेच वाया जातो किंवा सार्थकी लागतो.

डिस्क आणि सेफ यांच्यामध्ये रेड कंट्रोलर नको. प्रती सांभाळण्याचं काम सेफ करतो. कंट्रोलरने डिस्क थेट दाखवावी, एवढंच त्याचं काम. मशिनच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मात्र दोन छोटे एसएसडी एकमेकांची आरशासारखी प्रत म्हणून लावा आणि त्यांच्यावर ओएसडी ठेवू नका. मॉनिटर त्याच सर्व्हरवर असेल तर त्याच्या डेटासाठी, म्हणजे व्हार-लिब-सेफ या फोल्डरसाठी, वेगळं विभाजन करून शंभरेक गिगाबाइट द्या. क्लस्टर आजारी असताना मॉनिटर जुने नकाशे टाकून देत नाही, त्याचा डेटाबेस फुगतो. मोकळी जागा ३० टक्क्यांखाली गेली की तो इशारा देतो, ५ टक्क्यांखाली गेली की स्वतःला बंद करून घेतो. लॉग आणि मॉनिटर एकाच विभाजनात असतील तर ऐन बिघाडाच्या रात्री दोघेही भसाभस लिहितात आणि मॉनिटरचा जीव जातो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

फिरत्या डिस्कला जोड हवी एनव्हीएमईची. ब्लूस्टोअर ही सेफची साठवण पद्धत, २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून नेहमीची झालेली, आपल्या नोंदी रॉक्सडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच फुटकळ कामं करू शकते. त्यातली निम्मी नोंदींतच गेली तर डेटाला काय उरणार? म्हणून रॉक्सडीबी आणि लिहिण्याची आगाऊ नोंदवही एनव्हीएमईवर हलवायची. किती जागा द्यायची? ब्लॉक साठवणीला डिस्कच्या १ ते २ टक्के, ऑब्जेक्ट साठवणीला ४ टक्क्यांपर्यंत. १६ टेराबाइटचे २ टक्के म्हणजे ३२० गिगाबाइट. आठ डिस्कना २.५६ टेराबाइट.

इथे एकच मोठा एनव्हीएमई घेण्याचा मोह होतो. तो आवरा. तो गेला की आठही ओएसडी गेले, कारण नोंदींशिवाय डिस्कवरचा डेटा वाचताच येत नाही. १.६ टेराबाइटचे दोन घ्या आणि प्रत्येकावर चार डिस्कच्या नोंदी ठेवा. चार गुणिले ३२० म्हणजे १२८०, वर ३२० गिगाबाइट शिल्लक, पुढे पाचव्या डिस्कला किंवा वाढीला. एक गेला तर अर्धा सर्व्हर जातो, अख्खा नाही. कागदावरच्या यादीत ही हद्दही लिहा. सर्व्हर आणि डिस्क यांच्या मधली ही पायरी बहुतेक नकाशांत नसते.

हा एनव्हीएमई घरगुती प्रकारचा चालणार नाही. वीज गेली तर हातातलं लिहून पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर त्यात असले पाहिजेत. सेफ दर वेळी ‘पक्कं लिहिलंस का?’ असं विचारतो. कपॅसिटर असलेला एसएसडी आपल्या स्मृतीत आलं की लगेच हो म्हणू शकतो. नसलेल्याला खरोखर फ्लॅशवर उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि डब्यावर लाखांत छापलेला वेग काही शे-हजारांवर घसरतो. खरेदीआधी एक नग मागवून, एका वेळी एकच छोटं पक्कं लिहिणं अशी चाचणी फियो या साधनाने चालवा. दहा मिनिटांत सोनं की पितळ ते कळतं.

मेमरीत काटकसर करू नका. दर ओएसडीला सेफ मुळात ४ गिगाबाइट धरतो, सावरताना थोडी जास्त घेतो. आठ ओएसडी, मॉनिटर आणि सिस्टिम मिळून ६४ गिगाबाइट ही किमान पातळी समजा. नेटवर्कचं थोडक्यात: १० गिगाबिटची एक तार आठ फिरत्या डिस्क सहज भरून टाकतात, त्यामुळे नवीन घेताना २५ चीच घ्या, दोन वेगळ्या स्विचना जोडून.

डिस्क कुठल्या

एसएमआर, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्क, क्लस्टरला अजिबात लावू नका. सावरण्याच्या सलग माऱ्यात त्या गुदमरतात. नाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये हे तंत्र न सांगता वापरल्याचं २०२० मध्ये उघड झालं, म्हणून डब्यावरच्या नावावर न जाता मॉडेल क्रमांकाचं माहितीपत्रक वाचा. लहानमोठ्या डिस्क एकत्र करू नका. क्रश आकाराच्या प्रमाणात डेटा देतो, त्यामुळे १६ टेराबाइटच्या डिस्ककडे ४ टेराबाइटच्या चौपट काम येतं, पण दोघींच्या फिरण्याचा वेग तोच.

आणि एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी चालू झालेल्या डिस्कवर तिन्ही प्रती ठेवू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल सूचना काढली. फर्मवेअरमधल्या दोषामुळे ते बरोबर ३२,७६८ तास चालले की कायमचे बंद पडत होते. ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. ज्याने चार सर्व्हर एकाच सकाळी चालू केले त्याचे चारही सर्व्हर एकाच दुपारी गेले असते. रॅक वेगळे, फीड वेगळे, हद्द मात्र एकच, फर्मवेअरची. दोन कंपन्यांच्या डिस्क घ्या किंवा निदान वेगवेगळ्या लॉटमधल्या घ्या, आणि त्या प्रत्येक सर्व्हरमध्ये मिसळू नका. एक सर्व्हर एका प्रकारचा, दुसरा दुसऱ्या. मिसळलंत तर दोष उघड होईल त्या दिवशी प्रत्येक सर्व्हर घायाळ होईल, आणि प्रती सर्व्हरवार ठेवण्याचा फायदाच गेला.

प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर समोर दिसेल असं तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहून चिकटवा. ओएसडीचा क्रमांक लिहू नका, तो नव्या डिस्कला पुन्हा दिला जातो आणि चिकटपट्टी खोटी ठरते. डिस्क काढताना आधी क्लस्टरला ओके-टू-स्टॉप ही आज्ञा देऊन विचारा, मग त्या खाचेचा दिवा लुकलुकवा, मग अंक जुळवा, मगच हात लावा. डेटा सेंटरमधल्या अनोळखी माणसाला फोनवरून डिस्क काढायला सांगण्याची वेळ इथे वारंवार येते, आणि तेव्हा हे चार अंकच कामी येतात.

सुट्या डिस्क जिथे क्लस्टर तिथेच ठेवा. काइकोउराच्या भूकंपानंतर दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्याचा महामार्ग दरडींनी बंद झाला आणि काइकोउराच्या उत्तरेचा भाग १५ डिसेंबर २०१७ ला उघडला. तोवर ख्राइस्टचर्चकडे जाणारा माल डोंगरातल्या लांबच्या वाटेने जात होता. ऑकलंडच्या गोदामातली ‘दुसऱ्या दिवशी’ येणारी डिस्क तेव्हा दुसऱ्या दिवशी येत नाही. दर तीस डिस्कमागे दोन आणि एक एनव्हीएमई, कुलूपबंद कपाटात. रॅक जमिनीला बोल्टने आवळलेले आहेत ना, जड सर्व्हर तळाशी आहेत ना, हे स्वतः वाकून पाहा.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

तीन प्रती यंत्राच्या मरणापासून वाचवतात. माणसाच्या आज्ञेपासून वाचवत नाहीत. पुसण्याची आज्ञा तिन्ही प्रतींवर तितक्याच इमानाने चालते. १८ मे २०२१ ला वायकाटो जिल्हा आरोग्य मंडळावर खंडणीखोर हल्ला झाला. हॅमिल्टनचं मोठं रुग्णालय आणि थेम्स, टोकोरोआ, टे कुइटी, टाउमारुनुइ इथली रुग्णालयं संगणकाविना पडली, डॉक्टर-परिचारिकांना कागदावर काम करावं लागलं. म्हणून आखणीतच बॅकअपसाठी वेगळी यंत्रं धरा, वेगळे पासवर्ड, वेगळ्या शहरात, आणि मुख्य क्लस्टरच्या प्रशासकाला तिथलं काही पुसता येऊ नये. ही जागा ‘उरलेल्या डिस्कमधून’ काढायची नसते. १०९ टेराबाइट वापरायचे असतील तर तिकडच्या १०९ चा आणि मागच्या काही आवृत्त्यांचा खर्च पहिल्याच कागदावर हवा.

खरा डेटा येण्यापूर्वी एक आठवडा मोडतोडीसाठी राखून ठेवा. क्लस्टर निरुपयोगी डेटाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत भरा, रिकाम्या क्लस्टरवरची चाचणी काही सांगत नाही. मग एक डिस्क ओढून काढा आणि सावरायला किती तास लागतात ते लिहा. एक नोंदींचा एनव्हीएमई काढा. एका सर्व्हरच्या दोन्ही वायरी उपटा. एक स्विच बंद करा. शेवटी अख्खा रॅक. प्रत्येक वेळी वापरणाऱ्याच्या बाजूने डेटाबेस चालू ठेवून त्याला काय जाणवतं ते पाहा, कारण क्लस्टर ‘ठीक’ म्हणत असताना मशीन गोठलेली असू शकते. सावरताना काम फार मंदावलं तर सावरण्याचा वेग कमी करण्याच्या कळा आताच शोधून ठेवा. हे आकडे, तारीख आणि त्या वेळचा भरणा एका पानावर लिहा आणि ते पान क्लस्टरच्या बाहेर ठेवा, छापून. डेटा दुपटीवर गेला की हीच चाचणी पुन्हा घ्या.